मानणे, वाटणे, पटणे : हवामान बदलाला क्रियापद कुठलं लावायचं?

एका सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करायचं काम हातात आहे. चाळीस प्रश्न, त्यातले एकोणचाळीस झाले. अडलोय तो पहिल्यावरच. इंग्रजीत तो सरळ आहे : हवामान बदलावर तुम्ही ‘बिलीव्ह’ करता का? मराठीत ‘विश्वास आहे का’ लिहिलं की बँकेची जाहिरात वाटते आणि ‘मानता का’ लिहिलं की कुणीतरी देवळाच्या पायरीवर गाठून विचारतंय असं वाटतं.

परवा मंडईत प्रयोग करून पाहिला. पुरंदरकडच्या एक मावशी अंजीर घेऊन बसतात. म्हटलं, “मावशी, हवामान बदल मानता का तुम्ही?” त्यांनी पाटीतलं एक उकललेलं अंजीर उचलून माझ्या नाकासमोर धरलं. “मानायला त्यो काय म्हसोबा हाय? ह्ये बघा. ऐन बहारात पाऊस आला, फळ फुटलं. आता ह्याला कोन गिऱ्हाईक?” ते अंजीर मीच घेतलं, आणखी पाव किलो घ्यावी लागली ती वेगळीच.

पण मावशींनी नेमकं दुखणं पकडलं. आपण देव मानतो, मुहूर्त मानतो, शिवाशिव मानायचे ते मानतात, कुणाला गुरू मानतो, हार मानतो, भाऊही मानलेला असतो. या सगळ्यात मानणाऱ्याची मर्जी आहे. न मानायची मुभा आहे आणि मानण्या-न मानण्यावरून तुम्ही कुठल्या गोटातले ते कळतं. गुरुत्वाकर्षण मानता का, असं कुणी विचारत नाही. म्हणजे ‘मानता का’ हा प्रश्न हवेबद्दलचा नाहीच. तो ‘आपण कुणातले?’ एवढंच विचारतोय. दुसरं क्रियापद सुचवा.

प्रतिसाद

क्रियापदाआधी नामाचं बघा. आयुष्य हवामान खात्यात गेलं, शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिसा’त. (१९२८ साली कचेरी सिमल्याहून पुण्याला आली, नाव मात्र तिथलंच चिकटलं.) मराठीत ‘हवामान’ हा एकच शब्द आजच्या हवेलाही लावतात आणि तीस-तीस वर्षांच्या सरासरीलाही. त्यामुळे जानेवारीत पाषाणला पारा उतरला की कट्ट्यावर कुणीतरी विचारणारच, “कुठे गेली तुमची तापमानवाढ?” त्या माणसाचा दोष निम्माच, निम्मा आपल्या शब्दाचा. हिंदीत ‘मौसम’ आणि ‘जलवायु’ वेगळे आहेत. केंद्रीय मंत्रालयाच्या नावात २०१४ साली ‘जलवायु परिवर्तन’ आलं. आपल्या राज्याच्या खात्याने ‘वातावरणीय बदल’ पत्करलं, ते बोलताना जिभेला अडकतं. वर्तमानपत्रं ‘हवामान बदल’वरच आहेत.

शिवाय निवडणुकीत ‘हवा कुणाची?’ विचारतात तीही हवाच. असो.

प्रतिसाद

‘बदल’ या शब्दाची गंमत आहे. बदल आपोआप होतो, त्याला कर्ता लागत नाही. ऋतू बदलतो तसं हवामान बदलतं, कुणाचं नाव घ्यायला नको. हे काहींच्या पथ्यावरही पडलं. २००२ साली अमेरिकेत फ्रँक लुंट्झ या सल्लागाराने रिपब्लिकन पक्षाला टिपण दिलं होतं की ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणू नका, ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भयंकर वाटतं. उलट २०१९ मध्ये ‘गार्डियन’ने आपल्या बातमीदारांना ‘आणीबाणी’, ‘संकट’ असे शब्द वापरा म्हणून सांगितलं. (मराठीत ‘हवामान आणीबाणी’ लिहिलं तर निम्मे वाचक १९७५ ला जाऊन पोचतील.)

आपल्याकडेही दोषी कोण, ते शब्दच ठरवतो. १९६१ च्या पुराला आपण ‘पानशेतचा पूर’ म्हणतो, त्यात धरणाचं नाव आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला लोंढा आला, माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या सोसायटीत एकच शब्द : ‘ढगफुटी’. ढग फुटला म्हटलं की विषय आभाळावर गेला. ओढा कुणी वळवला, पात्रात भिंत कुणी बांधली, हे विचारायला जागाच राहत नाही.

प्रतिसाद (सिमला ऑफिसवाला)

ढगफुटीची व्याख्या आहे हो. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलीमीटर. मोजल्याशिवाय म्हणू नये.

प्रतिसाद

व्याख्येवरून आठवलं. मी तलाठ्याची मुलगी, सध्या मुक्काम सिंहगड रोड. घरी पावसाचे शब्द म्हणजे पैशाचे शब्द होते. मे महिन्यातल्या सरीला आजी ‘वळीव’ म्हणायची, त्यात आनंद असायचा, मातीचा वास असायचा. तीच सर आता टीव्हीवर ‘अवकाळी’ म्हणून येते, आणि अवकाळी म्हटली की पंचनामा. ‘अतिवृष्टी’ म्हणायला महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस लागतो. तो रोज चाळीस-चाळीस असा आठवडाभर पडून सोयाबीन कुजलं तर? त्याला शब्दच नव्हता. २०२३ मध्ये सरकारने ‘सततचा पाऊस’ आपत्तीत धरला, तेव्हा कुठे त्या कुजलेल्या शेंगेला नाव मिळालं.

दुष्काळाचंही तेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली आणि आठवडाभराने १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. विहीर दोन्ही दिवशी सारखीच कोरडी होती. ‘सदृश’ राहिला की गळला यावर मदत ठरते, म्हणून त्या एका शब्दावर मोर्चे निघतात. हवामानाच्या राजकारणाला ग्लासगोला जायला नको, तहसील कचेरी पुरते.

प्रतिसाद

ग्लासगोचं नाव निघालंच आहे तर : २०२१ च्या तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत शेवटच्या घटकेला कोळशाबद्दलचं ‘फेज आउट’ जाऊन ‘फेज डाउन’ आलं, भारताच्या आग्रहाने. ‘टप्प्याटप्प्याने बंद’ऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी’. अध्यक्ष आलोक शर्मांचा कंठ दाटून आला होता. माझं मत विचाराल तर आपली हरकत न्यायाची होती आणि शब्द सोयीचा होता, दोन्ही एकदम. आजवर जगाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव वाटा एकट्या अमेरिकेचा, आणि आपलं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. मग ‘बंद’ हा शब्द फक्त कोळशालाच का, तेलाला का नाही?

धागाकर्ता

गाडी क्रियापदावर आणतो, पण एक सांगायचंय. ‘लोकांना माहिती नाही म्हणून ते मानत नाहीत’ असं माझं पक्कं मत होतं. २०१२ साली येल विद्यापीठाच्या डॅन काहन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तपासलं, तर निघालं उलटंच. ज्यांचं विज्ञान आणि गणित चांगलं त्यांच्यात एकवाक्यता नव्हती, फूट जास्त होती. हुशार माणूस आपल्या गोटासाठी जास्त हुशारीने युक्तिवाद करतो. पुण्यात राहून हे मला आधीच कळायला हवं होतं. २०१४ च्या आणखी एका अभ्यासात दिसलं की उपाय नावडता असला की माणूस दुखणंच नाकारतो. रिपब्लिकनांपुढे सरकारी निर्बंधांऐवजी मुक्त बाजाराचा उपाय ठेवला, तर त्यांना तापमानवाढ जास्त पटली.

आमच्याकडे वेताळ टेकडीवरच्या रस्त्याचा विषय निघाला की हेच होतं. ज्यांना रस्ता हवाय त्यांच्या मते पुण्याची हवा पूर्वीही अशीच गरम होती. ज्यांना नकोय त्यांना प्रत्येक उकाड्यात टेकडीच दिसते. मी दुसऱ्यातला, हे कबूल करतो.

प्रतिसाद

‘पटतं का’ घ्या. संपलं.

प्रतिसाद (तलाठ्याची मुलगी)

‘पटतं’ला आधी कुणीतरी पटवणारा लागतो. मावशींना कुणी पटवलंय? ‘जाणवतं का’ विचारा.

धागाकर्ता

‘जाणवतं’ मलाही आवडलं होतं. ‘गेल्या काही वर्षांत हवापाण्यात बदल जाणवतो का? जाणवत असेल तर कशामुळे, असं वाटतं?’ असे दोन प्रश्न करून पाठवलेही. सर्वेक्षणवाल्यांकडे मराठीचं पुन्हा इंग्रजी करून ताडून पाहतात, तिथे ‘जाणवतं’चं ‘फील’ झालं आणि कागद परत आला : आम्हाला भावना नकोत, बाकी भाषांशी जुळणारा एकच शब्द द्या. हिंदीवाल्यांनी ‘मानते हैं’ देऊन टाकलंय.

उद्या सकाळी अकरापर्यंत द्यायचाय. ‘मानणे’ सोडून काहीही चालेल.