टायरचा दिवा आधी लुकलुकतो, मग हटतच नाही

ठाणे_निफाड
मंडळी, डोकं चालेना झालंय. गाडी साडेचार वर्षांची, चारही चाकांची हवा स्क्रीनवर दिसते. शुक्रवारी दुपारी ठाण्याहून गावी निघालो, वाटेत घोटीच्या पंपावर चारही चाकांत ३३ पीएसआय भरून घेतले. शनिवारी पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जायचं होतं, पारा सहावर. चावी फिरवली तर पिवळा दिवा. मिनिटभर लुकलुकला आणि लागूनच राहिला. तीन चाकं २७, डाव्या मागच्या चाकाला नुसत्या रेघा. साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही. दुपारी नाशिकला पोचलो तर तीच तीन चाकं ३२, दिवा मात्र तसाच! पंक्चरवाला म्हणतो चाकांतले हवा मोजणारे चारही सेन्सर बदला. मेव्हणा म्हणतो दिव्यावर काळी टेप लावा.

गॅरेजअण्णा
दादा, तुम्ही दोन दुखणी एकात कालवलीत.

२७ चं आधी. साडेपाच अंश तापमान उतरलं की साधारण १ पीएसआय उतरतो. कसारा घाट चढून आलेला तापलेला टायर, त्यात ३३ भरले, मग सहा अंशात २७ होणारच. ड्रायव्हरच्या दाराजवळ खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा गार टायरचा. गाडी तीन तास उभी असेल तेव्हा मोजायचं.

लुकलुकणं वेगळं. नुसता लागून राहिला तर हवा कमी. आधी लुकलुकून मग स्थिर झाला तर एखादा सेन्सर गाडीला सापडत नाहीये. सेन्सर रिमच्या आत, वॉल्वच्या मुळाशी बसतो. आतली बॅटरी पाच ते दहा वर्षं जाते. तीन चाकं आकडे दाखवतायत, मग चारही कशाला बदलायचे? त्या चाकाचा टायर अलीकडे उतरवला होता का? टायर काढताना लोखंडी पट्टी लागून सेन्सर फुटतो.

सातारची_सून
अण्णांना दुजोरा. चाकांची अदलाबदल केल्यावर माझी स्क्रीन जुन्याच जागा धरून बसली होती. पुढचं उजवं कमी दाखवलं म्हणून मी तेच भरत गेले, कमी होतं मागचं. काही गाड्या जागा आपसूक शिकतात, माझी नाही. तेव्हापासून हवा मोजायचं साधं गेज डिकीत ठेवते.
बरं, तुमचं ते डावं मागचं चाक मूळचंच आहे ना?

ठाणे_निफाड
वहिनी, हात जोडतो. शहापूरच्या पुढे पंक्चर झालं होतं, स्टेपनी लावून निघालो आणि साफ विसरलो! दिवा तेव्हापासूनच लागलेला असणार, पंक्चरचाच समजून मी बघितलं नाही. स्टेपनी लोखंडी रिमची, तिला सेन्सरच नाही. सेन्सरवालं चाक तीन दिवस डिकीत झोपलं होतं.
पंक्चर काढून ते जागेवर लावलं. वीसेक मिनिटं चालवल्यावर रेघांच्या जागी आकडा आला, दिवा गेला. खर्च पंक्चरचाच. पहाटे गार टायरमध्ये ३३ केले, दुपारी ३८ दिसले. हवा सोडू का?

गॅरेजअण्णा
तापलेल्या टायरमधून अजिबात सोडू नका. ठाण्याला पोचलात की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा. तिथे इतकी थंडी नाही, हवा जास्त वाटली तर तेव्हा कमी करा.

ठाणे_निफाड
बरं. मेव्हण्याची टेप ठिबकच्या फुटक्या नळीला लावलीय.