मदत हवी आहे: अमेरिकेतून आलेला वापरलेला कॅनिस्टर फिल्टर, गळती, खरखर आणि कंपनीचा नकार

नमस्कार मंडळी,

घरी माशांचा चार फुटी टँक आहे. ४ × १.५ × १.५ फूट, म्हणजे काठोकाठ भरला तर २५५ लिटर, वाळू-दगड वजा जाता २२०च्या आसपास पाणी. पाच एंजल, कोरीडोरासचा घोळका आणि एक म्हातारा प्लेको. प्लेको किती घाण करतो ते ज्यांनी पाळलाय त्यांना सांगायला नको. आतला पॉवर फिल्टर कमी पडायला लागला म्हणून कॅनिस्टर (टँकखाली ठेवून पाइपने जोडायचा डब्याचा फिल्टर) शोधत होतो.

आमच्याच सोसायटीत न्यू जर्सीहून परतलेलं एक कुटुंब आहे. त्यांनी सामानासोबत आणलेला कॅनिस्टर ₹५,५०० ला दिला, पाइप, मीडिया (आतले स्पंज आणि सिरॅमिक रिंगा) आणि आपली २३० व्होल्टची वीज ११० वर आणणारा कन्व्हर्टर धरून. नामांकित कंपनीचा आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे नवा घ्यायचा तर दुपटीच्या वर जातो. माणूस सज्जन आहे, तिकडे उत्तम चालायचा म्हणाला आणि त्यात खोटं काही असेल असं मला वाटत नाही.

तर तक्रारी अशा. डोक्याच्या (मोटर हेडच्या) खालच्या कडेने पाणी झिरपतं. धार नाही, पण सकाळी कॅबिनेटमध्ये ओल दिसते. मोटर सतत खरखरते. डबा तिरका करून हवा काढली, इम्पेलर (पाणी ढकलणारं पातं) आणि त्याचा सिरॅमिक शाफ्ट काढून पाहिला, शाफ्ट अखंड आहे, तरी आवाज तोच. प्रवाह अगदीच मवाळ. आणि हेड एवढं तापतं की हात फार वेळ ठेववत नाही.

कंपनीला मेल केली. अमेरिकेच्या शाखेने सिरियल नंबर आणि मूळ बिल मागितलं. शेजाऱ्यांच्या ऑनलाइन खात्यातून बिल निघालं, तीन वर्षांच्या वॉरंटीतले काही महिने उरलेही होते. पण पुण्याचा पत्ता पाहिल्यावर उत्तर आलं की वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरती आणि फक्त उत्तर अमेरिकेत. इथला वितरक म्हणतो, हा नंबर आमच्या आयातीतला नाही, सुटे भागही मिळणार नाहीत. दोघेही अत्यंत नम्र. नम्रपणाने गळती थांबत नाही.

आता यात अजून पैसे घालावेत का? वस्तू सदोष आहे म्हणून कंपनीशी भांडण्यात अर्थ आहे, की भंगारात काढू?

प्रतिसाद १

आधी तो टँकखालून बाहेर काढा. बाथरूममध्ये बादलीला जोडून चालवा, हेड कोरडं पुसून कडेने टिश्यू पेपर लावा. कुठे पहिल्यांदा भिजतो ते कळेल. कडीपाशी भिजला तर प्लास्टिकला बारीक चीर असू शकते, तिचा इलाज नाही. सगळीकडून सारखा भिजला तर हेड आणि डब्यामधली रबरी रिंग गेली. आणि कन्व्हर्टर टँकच्या खाली ठेवला असेल तर आजच उचला.

प्रतिसाद २

रिंगच असणार. कॅनिस्टर महिनोन्‌महिने खोक्यात कोरडा पडला की कुकरच्या जुन्या रिंगसारखी ती चपटी आणि कडक होते. कंपनीचीच हवी असा हट्ट नको. भोसरीच्या बाजूला पंप-हायड्रॉलिक सीलची दुकानं आहेत, तिथे मापाने ओ-रिंग देतात. जुनी रिंग मोजू नका, ती ताणलेली असते. हेडच्या खाचेभोवती दोरा फिरवून परिघ घ्या, ३.१४ ने भागा की आतला व्यास आला. जाडी खाचेच्या खोलीपेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर दाबली जाणार नाही. डबा चौकोनी असला तरी दोऱ्याची युक्ती चालते, फक्त कोपऱ्यांचे गोल बारीक असतील तर अडचण. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन, खोबरेल तेल असलं काही नको. रबर कोणतं आहे त्यावर ते फुगू शकतं.

प्रतिसाद ३

गळतीचं वर आलंच आहे. मला खरखर आणि तापण्यात जास्त रस आहे. तो कन्व्हर्टर वजनाला कसा आहे? त्यावर किती वॉट लिहिलंय?

धागाकर्ता

हलका आहे, तळहातात मावतो. वर १६०० वॉट लिहिलंय.

प्रतिसाद ३

मग चोर सापडला. एवढ्याशा डब्यात १६०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर मावत नाही. हा प्रवासी कन्व्हर्टर आहे, केस वाळवायचं यंत्र किंवा इस्त्री यांच्यासाठी. आत तांब्याचं वेटोळं नसतंच. विजेची लाट मधेमधे कापून सरासरी कमी करतात. तापवायच्या वस्तूंना ते चालतं, मोटर मात्र त्यावर खरखरते आणि तापते. तुमच्या फिल्टरला वीस-तीस वॉट लागत असतील, त्याला १०० व्हीएचा खरा ट्रान्सफॉर्मर पुरे. तो किलोभर तरी भरतो. घेताना 'आयसोलेशन' (दोन्ही बाजूंची वेटोळी वेगळी असलेला) म्हणून मागा. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजू एकाच वेटोळ्यावर असतात, आतली तार तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट पुढे जाऊ शकतात, आणि तुमचा हात पाण्यात असतो. घरात ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर फिल्टर राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

पण एवढं करूनही प्रवाह तिकडच्याइतका मिळणार नाही. या मोटरी विजेच्या हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला किती लाटा येतात त्यावर फिरतात. दोन ध्रुवांची असेल तर ६० हर्ट्झला मिनिटाला ३,६०० फेरे, आपल्या ५० ला ३,०००. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. वेग १७ टक्के घटला की प्रवाह तेवढाच घटतो आणि पाणी वर चढवायची ताकद जवळजवळ ३० टक्क्यांनी. शिवाय व्होल्ट तसेच ठेवून हर्ट्झ कमी झाले की मोटर थोडी जास्त तापतेच. त्यामुळे कंपनीचा दोष आहे असं म्हणणं मला जड जातंय. ज्या विजेसाठी बनवला ती त्याला मिळतच नाहीये.

प्रतिसाद ४

कायद्याचं थोडक्यात. शेजारी या वस्तूंचा व्यापारी नाही, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध ग्राहक आयोगात काही उभं राहणार नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यातलं कलम १६ सुद्धा दर्जाची हमी गृहीत धरतं ती त्या प्रकारचा माल विकणाऱ्याकडून घेतला तर. हेच दुकानातून 'वापरलेला पण तपासलेला' म्हणून पावतीवर घेतलं असतं तर वेगळी गोष्ट होती. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात शुल्कही नाही. इथे वॉरंटीची अट आधीपासून लिहिलेली होती, वितरकाने तर तुमच्याकडून रुपयाही घेतलेला नाही. मेल लिहायचीच तर भांडणाची नको. "डब्याला बसणारं २३० व्होल्ट ५० हर्ट्झचं हेड विकत मिळेल का, त्याचा भाग क्रमांक काय" एवढंच विचारा. वॉरंटी मागितली की एक खातं उत्तर देतं, सुटे भाग मागितले की दुसरं.

प्रतिसाद ५

एक राहिलं. जुना मीडिया तसाच वापरला नाहीत ना? कोणाच्या टँकमध्ये काय रोग होता देव जाणे. स्पंज फेकून द्या, सिरॅमिक रिंगा ब्लीचमध्ये बुडवून, भरपूर धुऊन, पाण्यात अँटिक्लोरीन घालून मग वाळवा. आणि दुरुस्ती होईपर्यंत आतला पॉवर फिल्टर काढू नका, घाण पचवणारे तुमचे बहुतेक जिवाणू त्यातच आहेत. कॅनिस्टर काही तास बंद पडला तर सुरू करण्याआधी उघडून आतलं पाणी ओता. प्राणवायू संपून ते नासलेलं असतं, ते थेट टँकमध्ये गेलं की एंजल आधी माना टाकतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. टिश्यू कडेने सगळीकडून सारखाच भिजला, म्हणजे रिंग. एका मित्राच्या कारखान्यातला खरा ट्रान्सफॉर्मर (जड!) लावून पाहिला तर खरखर जवळपास गेली, हेड कोमट राहतं. प्रवाह मात्र मवाळच. आरसीसीबी आहे, त्याचं टेस्ट बटण दाबून पाहिलं, पडतो. मीडिया सांगितल्याप्रमाणे धुतला, स्पंज फेकला.

प्रतिसाद ४ मधली मेल पाठवली आणि खरंच दुसऱ्याच माणसाचं उत्तर आलं, भाग क्रमांकासकट. डबा दोन्हीकडे एकच आहे, फक्त हेड वेगळं. माझी मावसबहीण जर्मनीत असते, तिकडेही २३० व्होल्ट ५० हर्ट्झच, आणि ती दिवाळीला येतेय. हेड तिकडून तिच्या नावावर घेऊन ती आणेल. रिंग मात्र भोसरीहूनच.

आता एकच विचारायचं उरलंय. ५० आणि ६० हर्ट्झचे इम्पेलर वेगळे असतात असं वाचलं, म्हणजे माझा जुना नव्या हेडात घालून चालणार नाही. नव्या हेडसोबत इम्पेलर येतो की वेगळा मागवावा लागतो? पानावरच्या फोटोत नुसतं हेड दिसतंय. कोणी मागवलं असेल तर सांगा, बहिणीला शनिवारपर्यंत कळवायचंय.