व्हॅनिलाच्या शेंगांमधला फरक समजून घेण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी खानापुरात राहते आणि घरगुती मागणीनुसार बासुंदी, कस्टर्ड व केक करून देते. आजवर बाटलीतल्या इसेन्सवर भागत होते. पण शिरसीच्या मावसबहिणीने सुपारीच्या बागेतल्या वेलींच्या वाळवलेल्या शेंगा पाठवल्या आणि त्याच सुमारास भाच्याने परदेशातून 'ताहिती' असे लिहिलेली एक नळी आणली. शिरसीच्या शेंगांपैकी काही काळ्याभोर, तेलकट आणि बोटाभोवती गुंडाळता येतील इतक्या लवचीक आहेत, तर काही बारीक, तांबूस आणि कडक. ताहितीची शेंग जाड असून तिला फुलांसारखा, किंचित बडीशेपेसारखा वास येतो. तीच मी बासुंदीत सुरुवातीला टाकून तासभर दूध आटवले आणि वर नेहमीच्या सवयीने वेलदोडा घातला. परिणामी व्हॅनिलाचा मागमूसही उरला नाही. कोणती शेंग कशासाठी वापरावी? शिवाय काही शेंगांवर पांढरी लव दिसते, ती बुरशी तर नसेल ना? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :
ताई, शिरसीच्या दोन्ही शेंगा बहुधा प्लॅनिफोलिया या एकाच जातीच्या असाव्यात. मादागास्करची प्रसिद्ध 'बूर्बों' व्हॅनिलाही तीच जात, फक्त ते नाव रेयुनियन बेटाच्या जुन्या नावावरून पडले. फरक आहे तो ओलाव्याचा. लवचीक शेंग उभी चिरून आतले दाणे सुरीच्या पाठीने खरवडावेत आणि सालीसह कोमट दुधात अर्धा तास मुरू द्यावेत. कस्टर्डला तीच उत्तम. कडक शेंगांचे तुकडे करून व्होडकात दोन-तीन महिने ठेवल्यास केकसाठी उत्तम अर्क तयार होतो. ताहिती ही वेगळी जात असून तिचा नाजूक वास उष्णतेने उडतो, म्हणून ती श्रीखंडात किंवा आइस्क्रीममध्ये घालावी. बेळगावच्या कुंद्यात (दूध आटवून केलेल्या मिठाईत) मात्र यांपैकी काहीच घालू नये, कारण इतक्या वेळच्या आचेत सगळे वाया जाईल (आणि बेळगावकर माफ करणार नाहीत, ते वेगळेच).

लव उन्हात धरून पाहावी. सुईसारखे चमकणारे कण असतील तर ते व्हॅनिलिनचे (व्हॅनिलाला वास देणाऱ्या द्रव्याचे) स्फटिक, म्हणजे चांगलेच लक्षण. कापसासारखी मळकट लव आणि कुबट वास असेल, तर ती शेंग टाकून द्यावी आणि बाकीच्या वेगळ्या बरणीत काढाव्यात.