झाड तपासायला माणूस हवाय (इंदूर), डिग्री काय बघू?

रामबागचा_भाचा:
आजोबांच्या वाड्यात जुना कडुनिंब आहे, बुंध्याला दोघांनी मिळून कवळ घालावी लागते. यंदा बुडाशी तपकिरी, लाकडासारखं कडक भूछत्र आलं आणि शेजारचे काका रोज म्हणतात, पाडा. एक जण आला, काठीनं ठोकलं, "अंदर से खोखला है भिया" म्हणाला आणि उभ्याउभ्या तोडायचे 35 हजार सांगितले. कार्डावर ट्री एक्सपर्ट. बीएससी ॲग्रीवाला चालेल का?

तुळशीबागवाली:
अरे, तपासायला आलेला तोडायचा भाव सांगतो म्हणजे झालंच की! तपासणीची फी वेगळी घेणारा आणि तोडणीचं काम न घेणारा बघ.

ओटला_नं_4:
ॲग्री, बॉटनी, फॉरेस्ट्री असेल तर चांगलंच, पण झाड पडेल का हे सांगणं वेगळं काम आहे. आयएसए (झाडांची निगा राखणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) सर्टिफाइड आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, आहे का विचारा, त्याला साधारण 3 वर्षं कामाचा अनुभव लागतो, मग परीक्षा, आणि दर 3 वर्षांनी रिन्यू करावं लागतं म्हणून तारीख बघा, नंबर त्यांच्या साइटवर तपासता येतो. तुमच्या कामाला त्यांचंच ट्रॅक (TRAQ) सर्टिफिकेट जास्त उपयोगी, म्हणजे झाडाच्या धोक्याच्या तपासणीचं, ते 5 वर्षं चालतं. रजिस्टर्ड कन्सल्टिंग आर्बोरिस्ट ही अमेरिकेतल्या दुसऱ्या संस्थेची पदवी, आपल्याकडे तसा माणूस मिळणं कठीणच. आणि झाड पोकळ म्हणजे पडणार असं नाही हो, बाहेरची भिंत किती जाड नि धड उरलीय ते मोजतात. लेखी रिपोर्ट मागा, तोंडी नको. शेंडा उडवू म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

तुळशीबागवाली:
आणि पाडायचं ठरलंच तरी परवानगी लागते हं, मध्य प्रदेशात शहरातल्या झाडांसाठी 2001 चा कायदा आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे.

रामबागचा_भाचा:
थँक्यू, काकांना थोपवतो. ते भूछत्र खरवडून टाकू का, मुलं हात लावतात?

ओटला_नं_4:
अजिबात नको! त्यावरूनच कोणती बुरशी ते कळेल. बाजूला पट्टी धरून फोटो काढा आणि मुलांसाठी तिथं खाट आडवी लावा.