एव्हरेस्ट बेस कॅम्पसाठी नाशिकमधील सराव पुरेसा आहे का?

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाण्याच्या विचारात आहोत. आम्ही सुट्टीच्या दिवशी अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी चढतो. एवढी तयारी पुरेल का, आणि वाटेतल्या नामचे बाजार या गावातला विश्रांतीचा दिवस वगळून खर्च वाचवता येईल का?

उत्तर १ : ताई, तो दिवस कृपया वगळू नका. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, तर हा ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचा विमानतळच २,८०० मीटरच्या वर आहे. म्हणजे सह्याद्रीत पाय आणि दम कमावता येतो, परंतु विरळ हवेची सवय शरीराला इथे लागूच शकत नाही. बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. म्हणून ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. नामचेला त्या दिवशी पडून राहायचे नसते. थोडे वर चढून जायचे आणि झोपायला पुन्हा खाली यायचे.

उत्तर २ : सहमत. डोके दुखून मळमळू लागले तर पुढे चढू नये, आणि त्रास वाढलाच तर रात्र असली तरी खाली उतरावे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; सल्फाची ॲलर्जी असल्यास त्यांना आवर्जून सांगावे.

उत्तर ३ : पांडवलेणीच्या पायऱ्या पाठीवर भरलेली सॅक घेऊन चढा-उतरा. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरतानाच होते. नवे बूट घेणार असाल तर आजच घ्या.