'माइलांड' म्हणजे कुठलं गाव?

प्रश्न : म्युनिकहून इटलीला जाणाऱ्या गाड्या शोधताना जर्मन वेळापत्रकात 'माइलांड' आणि 'व्हेनेडिश' अशी गावं दिसली. ती मिलान आणि व्हेनिस निघाली! जर्मन लोक ही नावं खरंच बोलण्यात वापरतात का?

उत्तर : सर्रास. बातम्यांतही हीच. मिलानचं लॅटिन नाव मेडिओलानुम. ते झिजलं आणि शेपटाला 'लांड' (देश) हा ओळखीचा शब्द चिकटला. जिनिव्हा 'गेन्फ', वॉर्सा 'वार्शाउ', नीस 'नित्सा'. यावरून कुणी भांडत नाही.

जपायचं ते पूर्वेकडे. पोलंडमधलं व्रोत्सुआफ हे 1945 पर्यंत जर्मनीतलं ब्रेस्लाउ. युद्धानंतर जर्मनांना तिथून घालवलं आणि पोलिश कुटुंबं वसवली. जर्मन माणूस घरी अजून ब्रेस्लाउच म्हणतो (व्रोत्सुआफ म्हणताना जीभही अडखळते, तो भाग वेगळा), पण पोलिश पाहुण्यांपुढे सांभाळून. रुमानियातलं सिबिउ मात्र वेशीवरच्या पाटीवर 'हेर्मानश्टाट' हे आपलं जर्मन नाव हौसेनं मिरवतं. जर्मन तिथे आता मूठभर, तरी 2000 ते 2014 महापौर त्यांच्यातलेच, क्लाउस योहानिस. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले.

'लित्समानश्टाट' कुठे वाचलंत तर थांबा. 1940 मध्ये नाझींनी पोलंडमधल्या वूच शहराला एका जर्मन सेनापतीचं नाव दिलं, ते हे. तिथल्या घेटोचा (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीचा) इतिहास सांगताना ते येतं, एरवी जर्मनही उच्चारत नाहीत.

प्रश्न : भाषांतरात काय लिहू? 1805 चा तह प्रेसबुर्गचा की ब्रातिस्लाव्हाचा?

उत्तर : प्रेसबुर्गचा. पहिल्यांदा येईल तिथे 'आजचं ब्रातिस्लाव्हा' एवढं जोडा. ब्रातिस्लाव्हा (स्लोव्हाकियाची राजधानी) हे नाव 1919 पासूनचं. तत्त्वज्ञ कांट 1724 साली क्योनिग्सबेर्गमध्ये जन्मला; त्याला आजच्या कालिनिनग्राडचा रहिवासी करू नका. प्रवासवर्णन असेल तर आजचंच नाव.

आणखी एक : जर्मनांना हसण्याआधी आपलं ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर आठवा. तिथे मराठी राज्यं होती, मराठी घरं अजून आहेत. म्हणून ती नावं आपल्या तोंडी टिकली. सिबिउची गत बरीचशी तशीच.

प्रश्न : आणि लेम्बेर्ग?

उत्तर : युक्रेनमधलं ल्विव. 1772 ते 1918 ऑस्ट्रियाच्या ताब्यात, त्या काळाबद्दल लेम्बेर्ग चालेल. दोन महायुद्धांच्या मधल्या पोलिश काळासाठी ल्वूफ. आजच्या बातमीत फक्त ल्विव.