क्षारपड जमिनीत आडसाली उसाआधी कोणते खत घालावे? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. शिरोळ तालुक्यातील आमच्या काळ्या, भारी रानात वर्षानुवर्षे उसामागून ऊसच घेतला गेल्याने आणि पाण्याचा निचरा कमी असल्याने जमीन घट्ट झाली असून, उन्हाळ्यात वरंब्यांवर क्षारांचा पांढरा थर दिसतो. जुलैच्या आडसाली (सुमारे दीड वर्षाने तोडणीला येणाऱ्या उसाच्या) लागणीपूर्वी सेंद्रिय कर्ब वाढवण्यासाठी भरपूर जनावरांचे खत घालण्याचा विचार आहे.

अडचण अशी की, घरच्या दोन म्हशींचे शेणखत साऱ्या रानाला पुरत नाही. कोंबडीखत सहज मिळते आणि शेणखतातील नत्र साधारण ०.५ टक्के, तर कोंबडीखतातील त्याच्या कितीतरी पट असते; परंतु ते उष्ण असते, ताजे घातल्यास कोवळ्या मुळांना इजा होते, शिवाय त्यातील क्षारांमुळे आमच्यासारख्या जमिनीचे दुखणे वाढेल, अशी शंका वाटते. पाचटाबरोबर थर देऊन, ओलावा राखून कुजवल्यास ही उष्णता जाईल. क्षार मात्र कुजल्याने नाहीसे होत नाहीत, हाच खरा पेच आहे.

दुसरा मार्ग रानात मेंढ्या बसवण्याचा. लेंड्या आणि मूत्र दोन्ही जागेवरच पडतात, वाहतूक वाचते, आणि मला स्वतःला हाच मार्ग अधिक पटतो.

क्षारपड रानात ज्यांनी कोंबडीखत वापरले आहे, त्यांनी एकरी किती आणि लागणीआधी किती दिवस घातले, तसेच मेंढ्या बसवल्यावर लगेच नांगरट करावी काय, हे कृपया सांगावे. माती परीक्षण करून घेणारच आहे. त्यात सामू (पीएच) आणि क्षारतेखेरीज आणखी काय तपासून घ्यावे?